गाळलेलं स्तोत्र

व्हायोलेट परेरा मरोळच्या गावठाणात जन्मली, तिथंच लग्न करून चार घरं पलीकडे नांदायला गेली आणि जवळच्याच मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. गावठाणाभोवती काचेच्या इमारती उठल्या, मेट्रोचे खांब आले, अर्ध्या लोकांनी घरं विकून टाकली. परेरांचं कौलारू घर होतं तिथंच राहिलं. चर्चमधल्या रविवारच्या मराठी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, बायबलमधलं पहिलं वाचन बावीस वर्षं तीच करत होती. आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ. आदल्या दिवशी वाचनातले कठीण शब्द ती तीनतीनदा म्हणून बघायची, कारण देवाचा शब्द अडखळत वाचणं तिला पाप वाटायचं.

बायबलबद्दल तिची समजूत साधी होती, वडिलांकडून आलेली. देवानं सांगितलं आणि माणसांनी लिहून घेतलं. ती वर्गात शुद्धलेखन घालायची तसंच. मुलं खाली मान घालून लिहितात, शब्द बाईंचे, अक्षर तेवढं मुलांचं. फरक इतकाच, की देवाच्या वर्गात कुणाची काना-मात्रा चुकली नव्हती. यापलीकडे तिनं कधी विचार केला नाही, आणि करायची गरजही पडली नाही.

तिला एकच मुलगा. क्लेटन सव्वीस वर्षांचा होता, आयटीआय करून एका इलेक्ट्रिक कंत्राटदाराकडे लागलेला. डिसेंबरातल्या एका शनिवारी नात्यात बाप्तिस्म्याचं जेवण होतं. क्लेटनला दुपारनंतर घाटकोपरला एका लग्नाच्या हॉलमध्ये कामाला जायचं होतं, म्हणून तो लवकर जेवायला बसला. घरची द्राक्षाची वाइन होती. तो नको म्हणाला. बाळाच्या नावानं घोटभर तरी घे, असं म्हणून व्हायोलेटनंच त्याच्या पेल्यात अर्धा पेला ओतली. तो हसला, प्यायला आणि गेला.

पाच वाजता फोन आला. हॉलचं मोठं पॅनेल दुरुस्त करताना कुणीतरी मेन स्विच लावला होता आणि क्लेटनचे दोन्ही हात आत होते. व्हायोलेट आणि तिचा नवरा लिओनार्ड इस्पितळात पोचले तेव्हा त्याला स्ट्रेचरवरून उतरवलंही नव्हतं, कारण उतरवून काही करण्यासारखं राहिलं नव्हतं. लिओनार्ड साकीनाक्याच्या कारखान्यात टर्नर होता. त्यानं आयुष्यभर भाजलेले हात बघितले होते. त्यानं चादर एकदाच वर केली आणि व्हायोलेटला पुढं येऊ दिलं नाही.

तीन आठवड्यांनी लिओनार्ड पोलीस स्टेशनातून कागदांची नक्कल घेऊन आला. त्याच्याच्यानं वाचवेना, म्हणून त्यानं ती व्हायोलेटपुढं ठेवली. तिनं सवयीनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. सुपरवायझर नंदकिशोर परब, राहणार दहिसर, याचा जबाब. मयत इसम हा कामावर दारूच्या नशेत आला होता, मेन स्विच चालू करीत असल्याचे मी त्यास ओरडून सांगितले, परंतु नशेत असल्याने त्याने लक्ष दिले नाही. इथपर्यंत तिचा आवाज नेहमीसारखाच चालला होता. मग ती थांबली आणि तीच ओळ तिनं मनात पुन्हा वाचली.

क्लेटन दारू पीत नव्हता. त्याला ती चवच आवडत नव्हती. पण तपासणीत त्याच्या शरीरात दारूचा अंश निघाला होता, आणि तो अंश कुठून आला ते व्हायोलेटला माहीत होतं. तिनं ते पोलीस स्टेशनात जाऊन सांगितलं. हवालदारानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, तुमच्या लोकांत चालतंच ना ते. आम्ही कुठं नावं ठेवतोय." फाइल बंद झाली. गावठाणात हळहळणारे पुष्कळ होते. पण पोर दारूपायी गेलं हे हळहळण्यातच मिसळून गेलं, आणि काही दिवसांनी ते कुणी कुजबुजेनासंही झालं. सगळ्यांनी ते गृहीत धरलं.

व्हायोलेटनं वाचन बंद केलं. रविवारी ती मागच्या बाकावर बसायची आणि मिस्सा संपायच्या आत उठून जायची. ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला तेव्हा फादर बेनेट तुस्कानो घरी आले. वसईकडचे, पस्तिशीचे, बोलायला सावकाश. ते दर गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये बायबलचा वर्ग घेत. वाचू नका, पण येऊन बसा तरी, असं त्यांनी सुचवलं. लिओनार्डनंही आग्रह केला. घरात ती दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ती दोन तास बाहेर जाईल एवढाच त्याचा विचार होता.

वर्गात सात माणसं होती. फादर त्या महिन्यात बायबल कुणी लिहिलं हे समजावून देत होते. त्यांचं म्हणणं व्हायोलेटला नवीन होतं. देवानं वरून मजकूर सोडला आणि माणसांनी टिपून घेतला, असं चर्च मानत नाही, ते सांगत होते. लिहिणारी माणसं खरीखुरी लेखक होती. त्यांची भाषा त्यांची, स्वभाव त्यांचे, राग-लोभ त्यांचे. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतःच सांगतो की त्यानं माणसांना विचारून, शोध घेऊन लिहिलं. प्रेषित पौल एका पत्रात लिहितो की अमक्या-तमक्यांना मी बाप्तिस्मा दिला, आणखी कुणाला दिला असल्यास आठवत नाही. देव विसरतो का? नाही. विसरला तो पौल, आणि देवानं त्याचं विसरणंही पुस्तकात राहू दिलं. देवाचा आत्मा या माणसांना हलवत होता, म्हणून पुस्तक देवाचं. पण लिहीत होती ती माणसंच, म्हणून पुस्तक त्यांचंही. अर्धं याचं आणि अर्धं त्याचं अशी वाटणी नाही. सगळंच देवाचं आणि सगळंच माणसाचं.

दोन-तीन जण वहीत लिहून घेत होते. व्हायोलेट नुसती ऐकत होती. इतक्या वर्षांचं तिचं शुद्धलेखनाचं चित्र मोडत होतं, आणि त्याचं तिला फारसं वाईटही वाटत नव्हतं. तिला दुसरंच काही विचारायचं होतं. घरी बायबल चाळताना तिला एक स्तोत्र सापडलं होतं, स्तोत्रसंहितेतलं एकशे नववं. ते मिस्सेत कधी वाचल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यात एक माणूस देवापुढं ओरडतो, की खोट्या जिभांनी माझ्याविरुद्ध साक्ष दिली. मग तो त्या खोटं बोलणाऱ्याला शाप द्यायला लागतो. त्याचं आयुष्य थोडं उरो. त्याची जागा दुसऱ्याला मिळो. त्याची बायको विधवा होवो, पोरं पोरकी होऊन घराबाहेर भटकोत. त्यांच्यावर दया करणारा कुणी न मिळो.

तिनं विचारलं, हे कुणाचं?

फादरांनी चष्मा काढून पुसला. आम्ही धर्मगुरू रोज जी स्तोत्रं म्हणतो, त्यांत तीन स्तोत्रं मुळीच घेतलेली नाहीत, त्यांतलं हे एक, असं त्यांनी सांगितलं. लोकांना त्रास होतो म्हणून गाळलं.

"देवाचा शब्द असेल तर गाळला का?" व्हायोलेट म्हणाली. "आणि माणसाचा असेल तर पुस्तकात ठेवला का?"

फादर म्हणाले की हा शाप देव देत नाही, दुखावलेला माणूस देतोय. पण तो आपल्या हातानं सूड घ्यायला निघालेला नाही. जे पोटात आहे ते घेऊन तो देवापुढं आलाय. देवानं त्याचं तोंड दाबलं नाही. म्हणून ही प्रार्थना आहे. ते बरोबर बोलत होते आणि मनापासून बोलत होते. पण व्हायोलेटनं त्यातलं एकच वाक्य घरी नेलं. देवानं तोंड दाबलं नाही.

त्या दिवसापासून ती रोज दिवेलागणीला रोझरीची जपमाळ झाल्यावर ते स्तोत्र म्हणायला लागली. मोठ्यानं, वाचकाच्या आवाजात. स्तोत्रात शत्रूला नाव नाही, नुसतं 'त्याला', 'त्याची' असं आहे. तिथं ती नाव घालायची. नंदकिशोर परबची बायको विधवा होवो. नंदकिशोर परबची पोरं पोरकी होवोत. शाप संपला की ती पुस्तक मिटायची. स्तोत्र पुढंही बरंच आहे, ते ती वाचत नसे. लिओनार्डला ते ऐकवत नव्हतं. ती सुरू झाली की तो उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचा. एकदाच तो म्हणाला, की त्या माणसाची पोरं लहान आहेत असं ऐकलंय. ती म्हणाली, आपलंही लहानच होतं.

सहा महिने हे चाललं. तिला त्यातून बळ यायचं हे खरं. ती पुन्हा स्वयंपाक करायला लागली, बाजारात जायला लागली.

सप्टेंबरात मिहिर घरी आला. हा क्लेटनबरोबर काम करणारा, मुलुंडचा. अपघाताच्या दिवशी तो दुसऱ्या मजल्यावर होता, त्यानं काहीच पाहिलं नव्हतं, आणि त्याची त्याला लाज वाटायची. चहाचा कप त्यानं न पिताच खाली ठेवला.

"आंटी, नंदू गेला," तो म्हणाला. "परब. डेंग्यूनं. पाच दिवसांत खेळ आटपला. एकेचाळीस वय."

व्हायोलेटनं विचारलं, कधी. गेल्या मंगळवारी, तो म्हणाला. दोन मुली आहेत, थोरली पाचवीत. बायको एकदम खचलीय. मग तिला बरं वाटेल असं काहीतरी सांगावं म्हणून त्यानं सांगितलं, की परबची जागा आता त्यालाच दिलीय. पहिल्या तारखेपासून तोच सुपरवायझर.

मिहिरला वाटलं बाईंना चक्कर आली. ती भिंतीला धरून उभी राहिली होती. एकेक ओळ, ज्या क्रमानं ती म्हणायची त्या क्रमानं, तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती. थोडं आयुष्य. जागा दुसऱ्याला. विधवा. पोरकी पोरं. मिहिर पाणी आणायला आत पळाला. तिनं त्याला सांगितलं की काही झालं नाही, तू जा, आणि नव्या कामाचं अभिनंदन करायलाही ती विसरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आटपताच ती फादरांकडे गेली. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. रोजचं म्हणणं, नाव घालणं, सहा महिने. तिचं सांगून झाल्यावर फादर म्हणाले, माणूस डासानं मेला. तुमच्या तोंडून निघालेल्या शब्दांनी कुणी मरत नाही.

"बावीस वर्षं मी तिथं उभी राहून वाचलं," ती म्हणाली. "वाचून झालं की हा प्रभूचा शब्द आहे असं म्हटलं. आशीर्वाद वाचला तेव्हा तुम्ही लोक म्हणत होता, शब्दात शक्ती आहे. मग शापात नाही कशी?"

फादरांनी पुन्हा तेच समजवायला घेतलं; लेखक माणूस, राग माणसाचा, देवानं ऐकून घेतला याचा अर्थ तो हुकूम मानला असा नाही. देव कुणाच्या सांगण्यावरून पोरांचा बाप मारत नाही. पण बोलता बोलता ते अडले.

"बाई, खरं सांगू का?" ते म्हणाले. "ते स्तोत्र गाळलंय म्हणून मला सुटल्यासारखं वाटतं. मीही त्याला भितो. त्या माणसानं हे लिहिलं तेव्हा आत्मा त्याच्यापाशी होता असं मी शिकवतो आणि मानतो. कसा होता, ते मला कळत नाही."

तिनं मान हलवली. उठताना ती म्हणाली, "लिहिणाऱ्यानं नाव घातलं नव्हतं, फादर. ते मी घातलं."

तेराव्याच्या नंतर, एका रविवारी दुपारी, ती दहिसरला गेली. लिओनार्डला सांगितलं नाही. मिहिरकडून पत्ता घेतला होता. नदीच्या काठानं जाणारा रस्ता, जुनी बैठी चाळ, मागं उभे नवे टॉवर. दाराबाहेर पोरींच्या चपला होत्या. आत एक बाई जमिनीवर बसून शेपू निवडत होती. तिशी-पस्तिशीची, कपाळ मोकळं. व्हायोलेटनं नाव सांगितलं तसा तिचा हात थांबला.

"मला वाटलंच होतं तुम्ही कधीतरी येणार," पद्मजा परब म्हणाली.

तिनं मुलींना शेजारच्या खोलीत पाठवलं. थोरली श्रुतिका जाता जाता वळून बघत होती. धाकटी तेजल तिच्या फ्रॉकला धरून गेली. पद्मजानं पाणी दिलं. व्हायोलेट काय बोलायचं ते ठरवून आली होती, पण तिला बोलायची वेळच आली नाही. पद्मजाच सुरू झाली, जसं काही कित्येक महिने हे बोलणं तोंडात घोळवून ठेवलं होतं.

नंदकिशोर त्या शनिवारी घरी आला तो थरथरत होता. क्लेटननं त्याला सांगितलं होतं, मी बाहेर येऊन सांगेपर्यंत स्विचला हात लावू नको. दोनदा सांगितलं होतं. पण खाली साखरपुड्याची माणसं जमली होती, हॉलचा मॅनेजर अंगावर येत होता, आणि नंदकिशोरला वाटलं एवढ्या वेळात पोरगा बाहेर आला असेल. त्यानं हाक मारून बघितलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी कंत्राटदाराच्या कंपनीचा माणूस घरी आला. म्हणाला, एक तर तू आत जाशील नाहीतर चूक त्याची ठरेल, आणि तो तर गेलाच. इस्पितळात दारूचा वास आल्याचं कुणीतरी बोललं होतं. नंदकिशोर नको म्हणत होता. मेलेल्या पोराला दारुडा कसा म्हणू, असं म्हणत इथं ह्याच लादीवर बसला होता.

"मी सांगितलं, लिहून दे," पद्मजा म्हणाली. "दोन पोरी आहेत आपल्याला. त्यांच्या डोक्यावर हात ठेवायला लावला मी त्याला. जबाब त्याचा नाय. माझा आहे."

व्हायोलेटनं सहा महिने एका माणसाचं नाव घेतलं होतं, आणि ती ओळ लिहिणारा तो नव्हताच. त्यानंतर नंदकिशोरला झोप लागत नसे, जेवण जात नसे. डेंग्यू झाला तेव्हा अंगात काही उरलंच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले होते. तापात तो क्लेटनला हाका मारायचा. बाहेर ये रे, बाहेर ये, असं.

मग पद्मजानं विचारलं, "तुम्ही आम्हाला शाप दिला होता का?"

"हो," व्हायोलेट म्हणाली. "रोज."

पद्मजा रडली नाही, चिडलीही नाही. तिनं निवडलेली भाजी एका बाजूला सारली. "कुणाला देत होता? त्याला का मला?"

"त्याला. तुमचं नाव मला माहीत नव्हतं."

पद्मजा उठली आणि मुलींच्या वह्यांतून दोन कोरी पानं काढून घेऊन आली. काय झालं ते लिहून देते, म्हणाली. पण दोनदा लिहून खोडल्यावर ती म्हणाली, तुम्ही लिहा, मी बोलते आणि सही करते. व्हायोलेटनं लिहायला घेतलं. दोन ओळी झाल्यावर पद्मजानं वाकून वाचलं आणि पानावर बोट ठेवलं. बाईंनी लिहिलं होतं, माझ्या पतीने भयापोटी असत्य कथन केले.

"मी अशी बोलत नाय," ती म्हणाली. "मी बोलले तसंच लिहा."

व्हायोलेटनं ओळ खोडली आणि तिच्या तोंडचं जसंच्या तसं उतरवून घेतलं. घाबरला होता तो, खोटं बोलला, मीच बोलायला लावलं. शुद्धलेखनाच्या कुठल्याच नियमात न बसणारी दोन पानं झाली. पद्मजानं खाली सही केली आणि तारीख घातली. मग निरोप देताना, जणू सहज आठवलं म्हणून, तिनं सांगितलं की कंपनीनं तिला ऑफिसात काम द्यायचं कबूल केलंय, पुढच्या महिन्यापासून. हा कागद बाहेर गेला तर ते मिळणार नाही. खोली सोडून गावी जावं लागेल, सासरी दिराच्या दारात. पण तुम्ही द्या, ती म्हणाली. मी तुमच्या पोराची अब्रू घेतलीय, तेवढी तुम्ही परत घ्या.

व्हायोलेट घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. लिओनार्ड ओट्यावर होता. ती सरळ आत गेली, टेबलाशी बसली आणि बायबल काढून तेच स्तोत्र उघडलं. आज नाव घालायला तोंड उघडेना. वाचता वाचता तिला दिसलं की ह्या ओळी जशा ती परबविरुद्ध म्हणत होती, तशाच त्या लादीवर बसलेली बाई तिच्याविरुद्ध म्हणू शकली असती, आणि एक अक्षरही बदलावं लागलं नसतं. पोरं घराबाहेर भटकोत, ही ओळ अजून खरी झाली नव्हती. ती खरी करायला देवाची गरज नव्हती. दोन पानं पोलीस स्टेशनात नेऊन दिली की पुरे होतं.

मग ज्या ठिकाणी ती रोज पुस्तक मिटायची, त्याच्या पुढं ती पहिल्यांदा वाचत गेली. शाप देणाराच पुढं म्हणतो की मी दीन आहे, गुडघे लटपटतात, अंगावर मांस राहिलं नाही. आणि अगदी शेवटी म्हणतो, देव गरिबाच्या उजव्या बाजूला उभा राहतो, त्याला दोषी ठरवणाऱ्यांपासून सोडवायला. इतके दिवस तिला तो गरीब कोण याबद्दल शंका नव्हती. आता तिला ते ठरवता येईना. एकीकडे क्लेटन होता, ज्याला काहीच बोलता येत नव्हतं. दुसरीकडे धाकटीच्या मुठीत थोरलीचा फ्रॉक होता. ज्यानं हे लिहिलं त्यानं राग आणि ही ओळ एकाच दमात लिहिली होती. त्याला तरी कळलं होतं का, तिनं मनात विचारलं, आपण कुणाच्या बाजूनं लिहितोय ते? की तो नुसता रडत लिहीत गेला, आणि शेवटची ओळ त्याच्या हातून निघाली तेव्हा तोच दचकला?

पद्मजानं सही केलेली दोन पानं तिनं त्या स्तोत्रापाशी ठेवली आणि बायबल मिटलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ती पानं लिओनार्डला दिली. दहिसरला गेल्याचं, तिथं काय झालं तेही सांगितलं. त्यानं पानं दोनदा वाचली. वाचताना त्याचे ओठ हलत होते. मग तो उठला, शर्ट घातला, चपला पायात सरकवल्या आणि चल म्हणाला. पोलीस स्टेशन, मग फादर, मग गावठाणातल्या प्रत्येक घरी. व्हायोलेट जागची उठली नाही. तिनं त्याला कंपनीतल्या कामाचं सांगितलं, मुलींचं सांगितलं.

"हा कागद मी द्यायचा नाही असं ठरवलंय," ती म्हणाली. "खरं काय ते देवाला माहीत आहे."

लिओनार्ड दारात उभा होता. "देवाला माहीत होतंच," तो म्हणाला. "मला हवं होतं ते लोकांना कळायला."

त्यानं कागद टेबलावर ठेवला. त्याला तो घेऊन एकट्यानं जाता आलं असतं. तो गेला नाही. पण त्या दिवसापासून तो तिच्याशी कामापुरतं बोलायला लागला. जेवण वाढ, दिवा घालव, इतकंच. बत्तीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. तिनं त्याला दोष दिला नाही. आपण बरोबर केलं असंही तिला कधी ठामपणे वाटलं नाही. काही दिवशी तर सकाळी उठून ती कागद पर्समध्ये घालायची आणि मरोळ नाक्यापर्यंत जाऊन परत यायची.

फादरांना तिनं सगळं सांगितलं. क्षमा केलीत, असं ते म्हणाले. ती म्हणाली, केली का ते मला माहीत नाही, मी फक्त आणखी काही केलं नाही. ते स्तोत्र तुम्ही गाळता ते ठीकच आहे, तिनं सांगितलं, पण वर्गात शिकवा. शेवटपर्यंत शिकवा.

डिसेंबरात क्लेटनच्या पहिल्या पुण्यतिथीची मिस्सा झाली. मिस्सेनंतर घरी चहा होता. चाळीसेक माणसं आली. अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारची म्हातारी सेसिल, जिनं क्लेटनला लहानपणी मांडीवर खेळवलं होतं, व्हायोलेटचा हात धरून डोळे पुसत होती. किती गुणी होता गो, ती म्हणत होती, कुणाशी कधी भांडण नाही, हाक मारली की धावत यायचा.

"ती एक दारू तेवढी नसती ना," सेसिल म्हणाली, "तर आज समोर असता."

लिओनार्ड दोन हात अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं होतं. हातातली बिस्किटांची बशी तशीच धरून त्यानं व्हायोलेटकडे पाहिलं आणि तो वाट बघत राहिला.

व्हायोलेटनं सेसिलच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. सेसिलच्या कपातला चहा निवला होता. तो कप तिनं काढून घेतला आणि दुसरा आणायला ती आत गेली.